मारेगावच्या पवनचक्कीचं शेपूट

दुसऱ्यांदा पातं तुटलं ते थेट शाळेच्या कौलांवर. रविवार होता म्हणून वाचलो.

बीडीओ साहेबांनी आधी छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओव्हरसियर, आणखी एक पातं उडालं तर टॉवर खाली. रेडिओची बॅटरी पुन्हा बसने यवतमाळला."

बॅटरी चार्जिंगला गेली की पंचायतीचा रेडिओ आठ-आठ दिवस मुका. म्हणून तर ही पवनचक्की मी घरगुती बनवली होती. ट्रकचा जुना डायनामो, सागाची पाती, मागे पत्र्याचं शेपूट. शेपटाचं काम एकच, चक्कीचं तोंड वाऱ्याकडे धरणं. पातं तुटलं म्हणजे शेपूट कमी पडलं, असा माझा शोध. पहिल्या वेळी ते दीडपट केलं होतं. आता दुप्पट करायचं ड्रॉइंग घेऊन गफूर मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो.

"साहेब, येवढ्यात तं संडासाचं दार होते," मिस्त्री म्हणाले. "आंधी आली तं तुमी काय करता?"

"पाठ फिरवतो."

"मंग तिलेच काहून तोंड द्याले लावून राह्यले?"

मी ड्रॉइंगची घडी घातली. म्हणजे पाती वारा तोडत नव्हता. मी तोडत होतो, तेही मोजमाप करून.

मिस्त्रींनी मला कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी नेलं. त्याच्या बिजागऱ्या मुद्दाम तिरप्या बसवलेल्या. ढकललं की फाटक थोडं वर चढत उघडतं, सोडलं की स्वतःच्या वजनाने बंद होतं. "शेपूट अस्संच टांगू."

मी म्हटलं, मग पातीही टॉवरच्या मध्यापासून जरा बाजूला हवीत, म्हणजे जोराचा वारा चक्कीला वळवेल. किती बाजूला? मी दोन दिवस गणित केलं. मिस्त्रींनी हात लावून सांगितलं, "चार बोटं." माझं उत्तर साडेचार बोटं आलं.

वैशाखातल्या एका दुपारी धुळीचा लोट उठला. बीडीओ साहेब हजर होतेच. पाती गुणगुणायची ती किंचाळायला लागली. मी डोळे मिटले.

आवाज उतरला. पाहतो तर शेपूट जरा वर उचललेलं पण वाऱ्याच्या रेषेत तसंच, आणि चक्की तोंड वळवून त्याच्या कुशीत आलेली. झोत ओसरला. शेपूट आपल्या भाराने खाली घसरलं आणि चक्की सावकाश पुन्हा वाऱ्यासमोर आली. दोरी नाही, माणूस नाही. पुन्हा झोत, पुन्हा तेच.

"कोणी फिरवलं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हवेनंच," मिस्त्री म्हणाले.

तोंडात धूळ जाईस्तोवर आम्ही तिघं माना वर करून उभे. मी बनवलेल्या वस्तूला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

माझी बदली होईपर्यंत एकही पातं तुटलं नाही. तेव्हापासून काही मोडलं की ते आणखी मजबूत करण्याआधी मी पाहतो, त्याला वळायला जागा ठेवली होती का. पुढच्या दोन साहेबांनी याला कामचुकारपणा म्हटलं.