पाचव्या घरापर्यंत

कळव्याच्या खाडीकाठी मावशींची मासळी सुकवायची जागा होती. तीन पिढ्या तिथे बोंबील वाळत होते आणि सरकारी कागदात मात्र ती जमीन ‘पडीक’. पडीक! वास पार रस्त्यापर्यंत यायचा. कुंपण घालायची नोटीस आली, ठाण्याला सुनावणी लागली, आणि मावशींकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. मी तेव्हा तेवीस वर्षांची, वर्तकनगरहून सायकलवर येऊन चळवळीची पत्रकं वाटणारी. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. अख्खी वस्तीच त्यांना मावशी म्हणायची.

पुरावा एकच होता. आमच्या कॉलेजातले एक सर वारायच्या आधी त्या काठावर घरोघर फिरले होते. कोण किती पिढ्या कुठल्या जागेवर मासळी वाळवतं, ते सगळं त्यांनी एका शोधनिबंधात लिहिलं आणि तो कॉलेजच्या संशोधन-वार्षिकात छापून आला. मावशींचं घर नववं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी मावशींना घेऊन कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. वार्षिकांचं कपाट रिकामं. आतल्या फळ्यांवर अंक जिथे उभे असत तिथे फिकट चौकोन तेवढे उरले होते.

“अंक कुठे गेले?”

“रद्दीत,” ग्रंथपाल बाई शांतपणे म्हणाल्या. “वाळवी लागली होती. आता सगळं फ्लॉपीवर उतरवलंय. कायमचं.”

“एक तरी प्रत ठेवायचीत!”

“ओरडू नका. ‘वाळवी हटवा, संगणक आणा’ हे पत्रक कुणाचं होतं हो?”

माझं होतं. संगणक मागताना कागद विका असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. पण कागद ठेवा असंही लिहिलं नव्हतं. सांभाळणं म्हणजे काय, याचा विचार ना त्यांनी केला होता, ना मी.

बाईंनी कुलूप उघडून एक खोका काढला. काळ्या, पातळ, हातरुमालाएवढ्या फ्लॉप्या. त्यांना एका बाजूला लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून आतली तबकडी उघडी दिसायची. पंखा बंद, दार बंद. धूळ येऊ नये म्हणून. यंत्रात फ्लॉपी सरकवली तसा खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला, जुनाट खोकला झालेल्या माणसाच्या छातीतून येतो तसा. पडद्यावर निबंधाचं नाव आलं, लांबी आली. मग अक्षरं उमटली.

“खाडीच्या डाव्या अंगाने निघालो. पहिलं घर...”

मी मोठ्यानं वाचू लागले. सर एकेका घरी थांबत होते, माणसांची नावं विचारत होते, वाळवणीच्या काठ्या मोजत होते. मावशी खुर्चीच्या कडेला आल्या. “ह्यो माजा चुलता गो. मेला ना तो. ही त्याची बायको, ती बी गेली.” प्रत्येक घराला त्या मान डोलवत होत्या. सगळी मेलेली माणसं दारात उभी आणि त्यांना विचारणाराही मेलेला.

सातव्या घराच्या मधोमध अक्षरं थांबली. खाली इंग्रजीत ओळ आली: वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा का?

मी बटण दाबलं. समोर दिसत होतं तेवढं आधी उतरवून घ्यावं, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. पडदा कोरा झाला. खर्र, खर्र. सर पुन्हा खाडीपासून निघाले. ह्या वेळी ते सहाव्या घराशीच थांबले.

“सातवा खय गेला?” मावशींनी विचारलं.

मी पुन्हा दाबलं. सर पाचव्या घराशी थांबले.

प्रत्येक फेरीत तो माणूस एक घर कमी करून परतत होता. बाईंनी घाईघाईनं फ्लॉपी बाहेर काढली. खिडकीतून दिसणाऱ्या तबकडीवर गोल ओरखडे होते आणि त्यांच्या कडेला लाल-पिवळी पूड.

“हे काय?”

“कुंकू,” बाई पुटपुटल्या. “दसऱ्याला पूजा करतो ना. नुसत्या यंत्राची कशी करायची? विद्या तर ह्यांच्यात. एकेकीला हळदकुंकू वाहतो.”

“दुसरी प्रत?”

“आहे की. ह्याच खोक्यात.” तिलाही तितक्याच भक्तीनं वाहिलेलं होतं. ती उघडलीच नाही.

मी पहिली फ्लॉपी पुन्हा हातात घेतली. “अजून एकदा करू, मावशी. कधी कधी पुढचं एकदम लागतं.”

“आनि नाय लागला तर? पाचवा बी जाईल?”

“जाईल.”

“मंग त्या पाच जनांचा लिवून घे. माज्यासाठी त्यांची घरा नको बुडवू.”

फ्लॉपी मी खाली ठेवली. पाच घरं अजून पडद्यावर उभी होती. कशाला हात न लावता मी सगळं उतरवलं. बाईंनी प्रत्येक पानावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला.

“नववा पन लिव,” मावशी एकदम म्हणाल्या. “तुज्या अक्षरान. कोन बगतंय?”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी शिक्का मुठीत धरला. “दिसलं तेवढ्यावरच मारीन. एक घर खोटं निघालं तर पाचही जातील.”

त्या बरोबर बोलत होत्या, याचाच राग आला. मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी पानं चाळली, पाच नावांपुढे खुणा केल्या. मग चष्म्यावरून मावशींकडे पाहिलं. “आणि तुमचं घर? यात कुठाय?”

चौकात भोंगा हातात घेऊन तासभर बोलणारी मी तीच पानं पुन्हा त्यांच्यापुढे सरकवत होते.

“सायेब,” मावशी म्हणाल्या, “सर पाचव्या घरावरना मागं फिरलं. माज्यापरत आयलं नाय.”

साहेबांनी पुढची फाईल मागवली. महिन्याभरात मावशींच्या जागेला तारा लागल्या.