गायधनी बाईंचा आरोपी

गायधनी बाईंसमोर कुणाबद्दल काहीही ठोकून देणं अवघड होतं. आखातात आम्ही राहायचो त्या महबूल्यातल्या इमारतीची लिफ्ट एकदा बंद पडली. एक शेजारी म्हणाले, "त्या चौथ्या मजल्यावरच्या आफ्रिकनांनीच बिघडवली असणार." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत?" शेजारी निमूटपणे जिन्याने निघून गेले. बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

बाई मूळच्या नाशिकच्या. यजमान तेल कंपनीत इंजिनिअर, आणि बाई इथल्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वर्गात त्या दरवर्षी तीच एक जुनी अमेरिकन कादंबरी घ्यायच्या. शेतावरचं कोठार जळतं, विझवायला सर्वांआधी धावलेल्या काळ्या मजुरावरच आग लावल्याचा आळ येतो. वकील जीव तोडून लढतो, पुरावा मजुराच्या बाजूने असतो, तरीही सगळे गोरे पंच त्याला दोषी ठरवतात. ही कादंबरी शिकवायला लागल्या की बाईंचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो, असं त्यांचे विद्यार्थी सांगायचे.

एका वर्षी बाईंनी ठरवलं, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हा खटला मराठीत उभा करायचा. मग त्यांना दम धरवेना. मी बँकेत हिशेब मांडत बसलेलो असताना त्यांचा फोन यायचा, "अहो, ऐका, सरकारी वकिलाचं पहिलं वाक्य सुचलंय." आरोपीच्या वकील त्या स्वतः. मी पंचांचा प्रमुख. मंडळाचे अध्यक्ष सबनीस न्यायाधीश. अडलं ते आरोपीपाशी.

"आपला मिलिंद करेल की," सबनीस म्हणाले. "तोंडाला काळं फासलं की झालं."

"काळं फासलं जाईल ते आपल्याच तोंडाला, सबनीस," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट शुवैखला, गॅरेजांच्या वस्तीत गेल्या.

तिथल्या एका गॅरेजात घानाचा जोसेफ गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. बाईंची गाडी दुरुस्तीला नेहमी त्याच्याकडेच असे. त्याचा खर्जातला आवाज सगळ्या गोंगाटातून ऐकू यायचा, आणि भारतीय सोबत्यांमुळे हिंदी तो झकास बोलायचा. तो गाडीच्या बॉनेटवर वाकलेला असतानाच बाईंनी त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो हात पुसत म्हणाला, "मॅडम, ये आदमी को मैं जानता हूँ." बाईंचा चेहरा असा उजळला, जणू तालीम संपून प्रयोगच रंगला होता.

तालमी आमच्या हॉलमध्ये व्हायच्या. जोसेफ मराठी वाक्यं रोमन लिपीत लिहून घ्यायचा. त्याला 'ळ' काही केल्या येईना. मग तो गॅरेजात दिवसभर 'जाळलं, जाळलं' म्हणत बसायचा, आणि त्याचे मल्याळी सोबती त्याला सुधारायचे. एकदा त्याने विचारलं, "सजा के बाद ये आदमी कुछ नहीं बोलता?"

"कादंबरीत नाही बोलत," बाई म्हणाल्या.

"मैं होता तो बोलता."

बाईंनी संहिता पुढ्यात ओढली. "मग बोल. पण मराठीत." आणि दोघांनी मिळून ते वाक्य तयार केलं.

सबनिसांना मात्र शेवट खटकत होता. "दिवाळी आहे हो बाई. सुटू दे ना बिचारा."

"तो सुटला, तर लोक जेवून निवांत झोपतील. मला त्यांना झोपू द्यायचं नाहीये."

प्रयोगाच्या संध्याकाळी अबू हलीफा भागातल्या एका शाळेचं सभागृह खचाखच भरलं. पडदा उघडायची वेळ झाली तरी जोसेफचा पत्ता नाही. मी धावत दाराशी गेलो. आमच्याच दोन स्वयंसेवकांनी त्याला भिंतीशी उभं केलं होतं. "ये पास किसका उठाया?" एक जण विचारत होता. जोसेफने पास पुढे धरला होता. मी बाईंना बोलावलं. वकिलाचा काळा कोट घालूनच त्या आल्या.

"आज किती जणांना विचारलंत, पास कुठून आणला म्हणून?" त्यांनी विचारलं.

स्वयंसेवक चाचरला. "फक्त याला."

 बाईंनी जोसेफचा हात धरला आणि मागच्या दाराने न नेता प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने त्याला थेट रंगमंचावर नेलं. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं.  बाई त्या दिवशी अशा लढल्या, की आपण जिंकणार असं मलाही वाटायला लागलं, आणि निकाल तर मीच द्यायचा होता. तरी ठरल्याप्रमाणे मी 'दोषी' म्हणालो.

जोसेफ प्रेक्षकांकडे वळला. "कोठार मी जाळलं नाही," तो म्हणाला. 'ळ' लख्ख उमटला. "मी पाणी आणलं होतं."

न्यायाधीश झालेले सबनीस हातोडा आपटायचं विसरले.  टाळ्या सुरू झाल्या त्या बऱ्याच वेळाने. विंगेत बाईंनी माझा हात धरला. "ऐकलंत? ऐकलंत ना?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पुढच्या वर्षी यजमान निवृत्त झाले आणि बाईंचं नाशिकला परतायचं ठरलं. जाण्यापूर्वी त्यांनी लग्नघरातल्या गोंधळावरचं एक विनोदी नाटक लिहिलं. वधूपिता जोसेफ. सबनीस गडबडले. "लोकांना पटेल का हो?"

"आरोपी म्हणून पटला ना? मग बाप म्हणूनही पटू दे."

नाटकात त्याच्या रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. सुरुवातीला लोक जरा चुळबुळले, मग व्याह्यांच्या मानपानात जोसेफ असा काही अडकत गेला की हसून हसून पुरेवाट झाली. बाई पहिल्या रांगेत डोळे पुसत हसत होत्या. पाठवणीच्या प्रसंगात मात्र जोसेफचा आवाज खरोखरच भरून आला.

प्रयोग संपल्यावर सगळे बाईंना निरोप द्यायला गोळा झाले. त्या गर्दीतून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी वाट काढत पुढे आल्या. बाईंना ओलांडून त्या जोसेफपाशी गेल्या आणि त्याचा हात हातात घेतला.

"तुझी लेक कुठे दिली रे?"

जोसेफने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, जणू म्हणाल्या, बोल.

"अजून लहान आहे, आजी," तो म्हणाला. "शाळेत जाते."