गुरुजींची टू पॉइंट एट

एखादी वस्तू विकत न घेता तिच्यावर चार वर्षं जीव लावणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या शेजारचे गुरुजी. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी जव्हारहून जीपने मोखाड्याला पंचायत समितीत जाई, ते दाभोशाकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत. त्यांच्याकडे रिळाचा एक जुना कॅमेरा होता आणि त्याला त्यांना लेन्स हवी होती तीन अटींची. दूरचं जवळ आणणारी झूम, अंधाऱ्या घरात फ्लॅशवाचून चालणारी, आणि मास्तरच्या पगारात बसणारी. दोन अटी जमल्या की तिसरी रुसायची. मुंबईच्या दुकानदारांना ते उत्तरासाठी कोरा भाग असलेली जोडकार्डं पाठवत आणि आलेली उत्तरं कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखून उतरवत. मी दाढी करत असताना गाठून विचारत, "एफ फोर घेतली तर? निम्म्यात मिळते." मी सुटका म्हणून "घ्या" म्हटलं की माझ्याकडे असं बघत, जणू मी त्यांच्या मुलीला भलतंच स्थळ सुचवलं. "अहो, एफ फोर उजेड निम्माच घेते, आजीच्या अंधाऱ्या घरात तिला काय दिसणार? टू पॉइंट एटच पाहिजे!"

आजी म्हणजे त्या पाड्यावरची धवलेरी, लग्नात भिंतीवर रंगवलेल्या चौकाच्या चित्रापुढे बसून गाणी म्हणणारी म्हातारी. गाताना तिचा चेहरा काही वेगळाच होतो, असं गुरुजी सांगत, आणि तो एकदा तरी फोटोत धरायचा एवढीच त्यांची इच्छा. पण आजीने बजावलं होतं, "जवळ नको येस मास्तर, माजा गाणा चुकं. दारात बस." दारापासून चौकापर्यंतचं अंतर गुरुजींनी पावलांनी मोजून ठेवलं होतं. आजी दरवर्षी आणखी वाकत होती आणि तक्त्यात नवनव्या ओळी पडत होत्या. मला तर मधूनमधून रागच येई.

असली लेन्स दीड किलोची असते हे कळल्यावर त्यांनी डब्यात दीड किलो तांदूळ भरले आणि डबा डोळ्याला लावून श्वास रोखायचा सराव सुरू केला. शिरपामाळावर सगळे सूर्यास्त बघत होते तेव्हाही हे डबा रोखून उभे. एका पाहुण्याने विचारलं, "यातून काय दिसतं हो?" "हात हलतो की नाही ते," गुरुजी म्हणाले. वहिनी मात्र हसून सांगत, "मला यांनी एका बैठकीत पसंत केलं. तेव्हा इतकी चौकशी केली असती तर मीही सुटले असते."

शेवटी मुंबईत एक वापरलेली लेन्स मिळाली. दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्यांनी आधी त्याचे फोटो काढले, ते धुऊन आणले, भिंगाने तपासले आणि मगच ती घेतली. एसटीत तिला मांडीवर बसवून आणलं.

पुढच्याच लग्नाला त्यांनी मलाही नेलं. घर अंधारं, चौकापुढे बायकांची दाटी. गुरुजी दारात गुडघ्यावर कोपर टेकून सज्ज. आजीने गाणं सुरू केलं आणि मध्येच थांबवलं.

"मास्तर आला का?"

"आलोय, आजी."

"मंग तठं का बसला? आता माना दिसं नाय. अठं ये, माजेजवळ."

बायकांनी सरकून वाट केली. गुरुजी जाऊन बसले. आजीने चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि पुन्हा गायला लागली. त्यांनी एका हाताने कॅमेरा उचलला, रिंग फिरवली, पुन्हा फिरवली. सहा फुटांच्या आतलं त्या लेन्सला स्पष्ट दिसतच नव्हतं. तक्त्यात हा रकानाच नव्हता, कारण जवळ बोलावणं येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. कॅमेऱ्याची मूळची छोटी लेन्स त्यांनी दुकानात बदल्यात देऊन टाकली होती. मागे सरकावं तर आजी हात सोडेना, आणि मला वाटतं, तो सोडवून घ्यायचं त्यांच्याही मनात नव्हतं. कॅमेरा मांडीवर ठेवून ते गाणं संपेपर्यंत बसून राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या लग्नसराईच्या आधीच आजी गेली. तिचा फोटो कुणाकडेच नाही. परवा मी गुरुजींना विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"वाटतं ना. फार वाटतं," ते म्हणाले. "चेहरा हल्ली नीट आठवत नाही. हात मात्र आठवतो." आणि त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं.