लढाईच्या चित्रापुढची बाई

उंब्रजच्या बनुबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याचं माप ती उलटं करून बघायची, जावयाची खुशाली दोघांकडून पडताळून घ्यायची. लोक हसायचे. हसणारं कोण, तेही ती ध्यानात ठेवायची.

महायुद्ध संपलं त्या साली ती लेकीकडं सांगलीला गेली होती. तिथं एका सभागृहात जुन्या लढाईचं भिंतभर चित्र मांडलं होतं. त्याची कीर्ती अशी, की लांबलांबची माणसं गाड्या जुंपून बघायला येत. मधोमध एक जखमी शिलेदार हसतहसत प्राण सोडत होता. बाया डोळ्याला पदर लावत होत्या. बनुबाई मात्र एका माणसाकडं बघत राहिली. अंगात लष्करी कोट, पाय अनवाणी, उजवा हात खिशात. इतका वेळ खिशात कसला हात?

हात बाहेर आला तो वस्तरा घेऊनच. शिलेदाराच्या तोंडावर उभा वार बसला. दुसरा बसायच्या आत बनुबाईनं मनगट धरून वस्तरा हिसकला.

पहारेकरी धावत आला, तर वस्तरा बाईच्या हातात!

"हिनंच फाडलं!" गर्दीतनं कुणी ओरडलं. "मघाधरनं चित्र सोडून भलतीकडंच बघत हुती!"

माणसं तिच्या अंगावर आली. कोटवाल्याला सहज निसटता आलं असतं. पण तो जागचा हलला नाही.

"मी फाडलं. शिराळ्याचा मानसिंग. बाईला सोडा. ब्रह्मदेशात लय माणसं मरताना बघितली. हसत कोण न्हाई मेलं."

बोलावणं धाडल्यावर आलेल्या फौजदाराला तेही खरं वाटेना. दोघं एकाच कटातले तर नाहीत?

"तू ह्याच्याकडंच का बघत होतीस?"

बनुबाई चाचरली. "माझा ल्योक हंबीरराव लढाईवरनं रजेवर आला तवा असाच भिताडाकडं बघत बसायचा, सायेब. काय लपवतोय म्हणून लय खोदून इचारलं. बोलला न्हाई. तसाच माघारी गेला."

फौजदारानं तिला सोडलं.

पुढं खटल्यात तिची साक्ष झाली. विचारलं तेवढं सांगून झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "त्यानं मला ढकललं न्हाई. ढकललं असतं तर मी कुठली टिकते?" मानसिंगला थोडकी सजा झाली. चित्र सांधलं, पण शिलेदाराच्या तोंडावरचा व्रण काही बुजला नाही.

उंब्रजात मात्र कुजबुज सुरू झाली. चित्र फाडणाऱ्याच्या बाजूनं ही का बोलली? शेजारच्या रंगूबाईनं तर विहिरीवर विचारलंच, "कोन लागतो गं त्यो तुझा?"

"कुणी न्हाई," म्हणत बनुबाईनं घागर उचलली.

रंगूबाईला काही ते पटलं नाही.