कॉलेजसाठी गरिबीचा दाखला

मी पुण्याला कॉलेजात शिकायला निघाले, तेव्हा चामटोलीहून बदलापूर स्टेशनपर्यंत मला पोचवायला इतकी माणसं आली की स्टेशनमास्तरांना ते लग्नाचं वऱ्हाडच वाटलं. "नवरी कुठाय?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. माझ्या बाने छाती पुढे काढून माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नवरी न्हाय ती. कालेजला चालली. सरकार शिकवतंय तिला."  भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात देऊन आय सारखी माझा पदर सारखा करत होती. गाडी हलली तेव्हा बाने हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी तो डोळे पुसत होता. मला तर तेव्हा अभिमान आणि रडू यांतलं आधी कुठलं येतंय हेच कळत नव्हतं.

चामटोलीतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठे कुठे गेलेल्यांनो, 'सरकार शिकवतंय' हे बाने किती थाटात सांगितलं तरी ते हातचं जाता जाता राहिलं होतं. तुमच्यातल्या ज्यांच्या घरचे हंडे-कळश्या त्या दिवशी आमच्या ओटीवर होते, त्यांना ते आठवत असेलच. इतरांसाठी सांगते.

स्वातंत्र्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झाले आणि शाळेतल्या हेडमास्तरांनी बाला बोलावून सांगितलं की गरिबांच्या मुलांना कॉलेजसाठी सरकार मदत देतं. त्यातली काही रक्कम शिष्यवृत्ती म्हणून, ती परत करायची नाही. काही कर्ज म्हणून, ते नोकरी लागल्यावर फेडायचं. मदत मिळाली तर पुणं, नाही तर लग्न, हे घरात ठरलेलंच होतं. स्थळही आलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला रसायनशास्त्र हवं होतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

अर्ज गेला आणि निरोप आला की घरची परिस्थिती बघायला साहेब येणार. बा आमच्या तुकडाभर जमिनीत भाजी काढायचा आणि उल्हासनगरच्या कॅम्पात नेऊन विकायचा. तिथले कापडवाले लछमनदास त्याचे दोस्त. फाळणीत सगळं सिंधमध्ये टाकून आलेला माणूस, पण कॅम्पातल्या बराकीत दुकान थाटून पुन्हा उभा राहिलेला. निर्वासितांना धंद्यासाठी सरकार कर्ज द्यायचं, ते त्यांनी मिळवलं होतं. त्यामुळे सरकारी कर्ज या विषयात बाच्या लेखी त्यांच्यावर कुणी नव्हतं. शेटजी म्हणाले, "अरे काशीनाथ, खाली दुकान को सरकार कर्जा नहीं देती. मैंने बाजूवाले का कपडा लाके दुकान भर दिया था. साहब को घर भरा हुआ दिखाओ."

झालं! बाने ते गाठीला बांधलं. मी परोपरीने सांगितलं की बा, हे दुकानाचं कर्ज नाही, इथे गरिबी बघतात. पण "शेटनं कर्ज आनलंय, तू आनलंस का?" असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. शिवाय त्यात नुसतं कर्ज नव्हतं. सरकारी पाहुणा घरी यायचा आणि त्याने आपलं उघडं घर बघायचं, हे बाला सोसण्यासारखं नव्हतं. सगळं गाव कामाला लागलं. शेजारच्या भागीमावशीने पितळेचे हंडे घासून आणले. कुणी समई दिली, कुणी गादी. दारात दुसऱ्यांच्या दोन म्हशी बांधल्या गेल्या. आणि शेटजी स्वतः बैलगाडीतून दोन खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन हजर झाले.

साहेब आले. खुर्चीत बसले, कपबशीतून चहा प्यायले, म्हशी बघितल्या, हंडे बघितले. आमच्याकडे त्यांनी कौतुकानेच पाहिलं. मग कागदावर पेन टेकवून बाला म्हणाले, "छान चाललंय की तुमचं. मग सरकारचे पैसे कशाला? ते एखाद्या गरजू मुलाला मिळू देत."

बाला आधी वाटलं स्तुतीच चालली आहे. तो हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. माझा बा उपाशी झोपला असेल, पण 'मी गरीब आहे' हे तीन शब्द त्याने कुणापुढे काढले नव्हते. त्या दिवशीही त्याला ते काढता येईनात. तो अंगणात गेला आणि कुंपणापाशी जमलेल्या माणसांना त्याने हाक मारली, "या रं. आपापल्या वस्तू घेऊन जा."

कुणी हलेना. बा पुन्हा ओरडला. तेव्हा भागीमावशी पदराने तोंड झाकून आत आली आणि हंडे उचलून निघाली. मग समई गेली, गादी गेली. म्हशी सोडून नेल्या. शेटजींनी घड्याळ उतरवलं, रिकामी खुर्ची उचलली आणि साहेबांच्या खुर्चीपाशी येऊन अवघडून उभे राहिले. साहेब काय ते समजले. ते उठले, खुर्ची शेटजींच्या हातात दिली आणि आयने अंथरलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसले. घरात आता चूल, मडकी आणि आम्ही तिघं. बा म्हणाला, "साहेब, एवढं माजं. आनि ही पोर माजी."

साहेब बराच वेळ खाली बघून लिहीत होते. जाताना त्यांनी बाला नमस्कार केला. आमच्या घरात सरकारी माणसाने नमस्कार केल्याची ती पहिली वेळ.

पुण्यात मी रुळले, पण सहज नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये गोड आमटी, खोलीत 'आणि-पाणी' ठसक्यात म्हणणाऱ्या मुली. मी पेटीतला सुका जवळा भाजला, तेव्हा सगळा मजला नाक धरून पळाला. पण प्रॅक्टिकलला माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. फी भरायला खिडकीशी गेले की कारकून मोठ्याने म्हणायचा, "सरकारी मदतवाल्या इकडे." इतर मुली मान खाली घालून जायच्या. मी मात्र मान वर करून जायची.

दरवर्षी मदत चालू राहायला गरिबीचा दाखला लागायचा. ज्या बाला तो शब्द उच्चारवत नव्हता, तो सणाचा फेटा बांधून तलाठ्याकडे जायचा आणि चावडीवरच्या सगळ्यांना ऐकवायचा, "लेकीच्या कालेजसाठी गरिबीचा दाखला द्या." आयनेच मला हे सुट्टीत सांगितलं, हसता हसता. पुढे मी शिक्षिका झाले आणि पगारातून कर्जाचे हप्ते जाऊ लागले.

आता पुण्यात माझं स्वतःचं घर आहे, नातवंडं आहेत, आमटीही गोडच लागते. बा-आय नाहीत. आमच्या ओटीच्या जागी कुणाची तरी इमारत उभी आहे आणि मला त्याचं फारसं दुःख होत नाही. कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी चामटोलीच म्हणते, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भिंती नाही, बा येतो. मी पहिला हप्ता भरला त्या वर्षी तो आपणहून तलाठ्याकडे गेला आणि म्हणाला, "यंदापासून मना गरीब लिहू नका." तलाठी हसला. म्हणाला, "काशीनाथ, जमीन तेवढीच, घर तेच, चूलही तीच. मग बदललं काय?"

"माजी लेक सरकारचं कर्ज फेडते," बा म्हणाला. "तिचा बाप गरीब कसा?"