फिरणारं झाकण

सीताबर्डीवर मोटारी दुरुस्त करणारे आमचे शेजारी इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या मॅग्नेटोतला दांडगा लोहचुंबक खिशात घेऊन हिंडत. कुणाकडेही गेले, की पितळी तांब्याला, चांदीच्या वाटीला तो लावून बघत आणि मान हलवून म्हणत, "हे नाही चिपकत." बोलणं तेवढंच. आम्हाला हसू यायचं.

तान्हं मूल गेल्यावर त्यांच्या बायकोनं बोलणं सोडलं. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा अॅल्युमिनियमचं झाकण दोऱ्यानं टांगून ते तिच्यासमोर बसले होते. झाकणाखाली, मधे बोटभर जागा ठेवून, चुंबक गरगर फिरवत होते. हळूहळू झाकणही फिरू लागलं.

"पाह्य वं, चिपकत नाही, पण फिरून राह्यलं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हात दुखन तुमचा. मले द्या."