तात्यासाहेबांचं सुडो

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी वैतागते, मग काम करते. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण त्या दिवशी सरूकाकू आल्या अन् स्टुलावर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मोनिका, घरी चल. सोमनाथचं मशीन उघडंना अन् म्हातारं जेवंना." मला वैतागायलाही सुचलं नाही.

सोमनाथ त्यांचा एकुलता एक. पक्का लिनक्सवाला, विंडोज घरात येऊ द्यायचा नाही. मागच्या दिवाळीत रक्ताच्या कॅन्सरनं गेला. आपण राहत नाही हे कळल्यावर त्यानं वडलांसाठी, म्हणजे तात्यासाहेबांसाठी, छोटे छोटे व्हिडिओ करून ठेवले. पेन्शन जमा झाली का ते कसं बघायचं, लाइटबिल कसं भरायचं, मशीन अपडेट कसं करायचं. प्रत्येकाच्या शेवटी म्हणायचा, "झालं तात्या. आता बंद करा अन् जेवून घ्या." म्हातारं कॉम्प्युटरपुढं बसलं की जेवण विसरतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो गेल्यापासून तात्या रोज दुपारी एक धडा लावायचे, शेवटचं ते वाक्य ऐकायचे अन् उठून ताटावर बसायचे. शिकणं कधीच संपलं होतं. ते ऐकल्याशिवाय घास उतरत नव्हता, एवढंच.

हे तात्या म्हणजे कन्नडकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचं अन् पावती फाडायची. पण वजन लिहायच्या आधी पावतीच्या माथ्यावर 'श्री' काढायचे. मागं ट्रॅक्टरवाले बोंबलायचे, "तात्यासाहेब, उरका की लवकर!" श्री काढल्याशिवाय पेन पुढं सरकायचंच नाही. रिटायर होऊन पोराकडं शहरात आले, तर वाणसामानाच्या चिठ्ठीवरही श्री. मी चिडवायचे, "तात्या, मिस्ड कॉल देतानाही श्री म्हणता का?"

"म्हणतो की," ते म्हणायचे. अगदी गंभीरपणे.

घरी गेले तर तात्या मशीनपुढं बसलेले. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला बघून त्यांनी परत पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, वाटलं आता उघडतंय, अन् पुन्हा तीच पासवर्डची पाटी हजर.

"बघ," ते म्हणाले. "पासवर्ड चुकला असता तर चुकला म्हणालं असतं. हे आत घेतं अन् परत हाकलून देतं."

मी खुर्ची घेतली. नुसत्या अक्षरांचा काळा पडदा असतो, तो उघडला. तिथं तोच पासवर्ड मुकाट चालला. डिस्क भरली असंल म्हणून बघितलं, तर जागाच जागा. मग फायली कुणाच्या नावावर आहेत ते बघितलं अन् कपाळावर हात मारला. सोमनाथच्या खात्यात शिरायला जी फाईल लागते, ती रूटच्या नावावर झाली होती. रूट म्हणजे मशीनचा सगळ्यात वरचा मालक. त्याच्या अधिकारात काम करायचं तर कमांडच्या आधी 'सुडो' लिहावं लागतं.

"तात्या, सुडो कशाकशाला लावलं?"

"सगळ्याला."

"सगळ्याला?"

"सोमनाथनंच सांगितलंय की. आधी सुडो लिहा तात्या, त्याशिवाय काम व्हत नाय."

अहो, अपडेटपुरतं सांगितलं होतं पोरानं! यांनी त्याचं श्री करून टाकलं. व्हिडिओ लावायला सुडो, फोटो बघायला सुडो. मग फाईल रूटच्या नावावर जाईल नाही तर काय होईल! मी फणकाऱ्यानंच म्हणाले, "वावर तुमचं अन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असं करून ठेवलंय तुम्ही."

तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "मंग त्यानं चुकीचं सांगितलं का गं?"

माझी जीभ जाग्यावर आली. "नाय तात्या, त्यानं बरोबरच सांगितलं. हे मशीनच मेलं हेकट आहे."

खोटं बोलले. काय करणार? फाईल पुन्हा सोमनाथच्या नावावर केली. वर अशी सोय करून ठेवली की मशीन चालू झालं की ती आपोआप त्याच्याच नावावर व्हावी. आता लिहा म्हणलं सुडो, किती लिहायचं ते.

मशीन उघडलं. तात्यांनी धडा लावला. डोक्याला टोपी, गाल बसलेले, अन् सोमनाथ लाइटबिलाचं समजावून सांगत होता. शेवटी म्हणाला, "झालं तात्या. आता बंद करा अन् जेवून घ्या."

"व्हय रे," तात्या म्हणाले, मशीन बंद करायचं विसरले अन् आत जाऊन ताटावर बसले.

त्यांना भाकरी वाढून काकू माझ्याजवळ आल्या. "मी सकाळपासून जेवा जेवा म्हणते, तर माझं ऐकत नाय. जित्या माणसाचं कोण ऐकतंय." पदरानं हात पुसत हळूच म्हणाल्या, "मोनिका, एवढे व्हिडिओ हायत त्यात. कुठं 'आई' म्हणलाय का बघ ना. तेवढा एक मला लाव."

मी एकेक उघडत गेले. पेन्शन. गॅसचा नंबर लावणं. फोटो. अपडेट. सगळीकडं तात्या, तात्या, तात्या. पोराची तरी काय चूक? काकूंना कॉम्प्युटर शिकायचा नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी त्यानं धडा केलाच नव्हता.

"बघ गं, अजून एखादा असंल," काकू म्हणाल्या.

शेवटचाही बघून झाला होता. मी परत पहिल्यापासून लावायला लागले.